शाळेत माणूस घेताना चारित्र्य पडताळणी: पोलिसांचा कागद काय सांगतो आणि कुठे थांबतो

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सिंहगड रस्ता भागातल्या विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका विचारतात: शिक्षक, शिपाई, मावशी, बसचे चालक-मदतनीस, सुरक्षारक्षक धरून साठेक माणसे आहेत, त्यातली निम्मी कंत्राटदाराची. कंत्राटदार म्हणतो, "सगळ्यांचं व्हेरिफिकेशन झालेलं आहे." तेवढे पुरेसे आहे का? अर्ज केलेला असेल तर निकाल येईपर्यंत कामावर घेता येते का? आणि एखाद्यावर केस निघालीच तर काढावेच लागते का?

मॅडम, तिन्ही उत्तरे आधी देऊन टाकू. कंत्राटदाराचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही, जबाबदारी शाळेचीच राहते. अर्जाची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, आणि मुलांजवळच्या काही कामांवर पावतीच्या भरवशावर कोणालाही उभे करू नये. केस निघाली म्हणून सरसकट काढायचे नसते, पण काही केसेसमध्ये एक दिवसही ठेवायचे नसते. आता सविस्तर.

कायद्याचा आधार पक्का आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. त्याखालच्या २०२० च्या नियमांतला नियम ३ सांगतो की शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी अशा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळाने करायची आहे. कर्मचारी शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी. शाळांच्या नजरेतून यातल्या दोन गोष्टी सुटतात: कंत्राटी माणूस यात स्पष्टपणे येतो, आणि पडताळणी एकदा केली की संपली असे होत नाही. किती वर्षांनी ती पुन्हा करायची हे नियमात लिहिलेले नाही, ते धोरण तुम्हीच ठरवायचे. दर तीन वर्षांनी नवे प्रमाणपत्र आणि दर जूनमध्ये प्रत्येकाकडून स्वयंघोषणापत्र, असा ठराव शाळा व्यवस्थापनाच्या बैठकीत लेखी करून घ्या. शाळा सीबीएसईची असेल तर मंडळाचे सप्टेंबर २०१७ चे परिपत्रकही आहे. त्यात चालक, वाहक, शिपाई यांच्यासह सर्वांच्या पोलीस पडताळणीचा आणि मानसशास्त्रीय चाचणीचा आदेश आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघड झाल्यावर राज्याच्या शालेय शिक्षण विभागानेही विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत शासन निर्णय काढला. त्यात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) यांच्या जोडीला कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्यावर भर आहे. तेव्हा "आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं" हे कारण आता कुठेच चालणार नाही.

फायली उघडल्यावर 'व्हेरिफिकेशन' या नावाखाली कोणते कागद निघतात ते आधी पाहा, कारण खरा गोंधळ तिथेच असतो. घरमालकाने पोलिसांकडे भरलेली भाडेकरूची माहिती निघते. ती फक्त माहिती असते, त्यावरून चारित्र्याबद्दल कोणी काही म्हटलेले नसते. ऑनलाइन अर्जाची पावती निघते. पासपोर्टची प्रत निघते, "पासपोर्ट आहे म्हणजे पोलीस घरी येऊन गेले" या समजुतीने. खासगी एजन्सीचा रंगीत अहवाल निघतो. तो बहुतेक वेळा न्यायालयांच्या संकेतस्थळांवरचा शोध असतो, पोलिसांच्या नोंदी त्या एजन्सीला दिसत नाहीत. तुम्हाला हवे आहे ते पोलीस आयुक्तालयाने किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाने दिलेले चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, ज्याच्यावर त्या माणसाचे नाव, पत्ता, क्रमांक आणि दिनांक आहे. बाकीचे कागद जोडीला असू देत, पण त्याच्या जागी नकोत.

खासगी एजन्सी पोलिसांची जागा का घेऊ शकत नाही, हेही पाहू. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीनोंद सप्टेंबर २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना खुली आहे. शाळेला किंवा एजन्सीला त्यात डोकावता येत नाही. पोलीस एफआयआर संकेतस्थळावर टाकतात हे खरे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या ज्या आदेशाने हे सुरू झाले त्यातच लैंगिक गुन्हे आणि पॉक्सोसारखी संवेदनशील प्रकरणे वगळलेली आहेत. म्हणजे शाळेला ज्या गुन्ह्याची सर्वांत जास्त धास्ती, नेमका तोच तिथल्या शोधात दिसणार नाही. "नेटवर पाहिलं, काही सापडलं नाही" यावर म्हणूनच विसंबू नका.

अर्ज उमेदवार स्वतः ऑनलाइन करतो. शाळेने त्याला लेटरहेडवर पत्र द्यायचे, आणि या पत्रातच बहुतेक शाळा आळस करतात. "सदर व्यक्ती आमच्याकडे नोकरीस असून" एवढे लिहून भागत नाही. पद लिहा, कामाचे स्वरूप लिहा ("पूर्वप्राथमिक वर्गाच्या मुलांना स्वच्छतागृहात नेणे-आणणे"), आणि पॉक्सो नियम २०२० च्या नियम ३ नुसार मुलांशी थेट संपर्क येणाऱ्या पदासाठी पडताळणी हवी असल्याचे स्पष्ट नमूद करून लैंगिक गुन्हेगारांच्या राष्ट्रीय नोंदीतही तपासण्याची विनंती करा. उमेदवाराकडे फोटो, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा लागतो. पुढे पोलीस ठाण्यात मूळ कागद घेऊन बोलावतात, तिथल्या नोंदी तपासून अहवाल वर जातो. अर्ज अडकतो तो बहुधा पत्त्यावर. आधारवर गावचा पत्ता, राहतो धायरीत, खोली मित्राच्या नावावर, भाडेकरार नोंदवलेलाच नाही. मग ठाणे म्हणते की इथे राहतो याचा पुरावा आणा, आणि अर्ज महिनाभर पडून राहतो. मुलाखतीच्या दिवशीच विचारा: राहता कुठे, करार कोणाच्या नावावर, आधारवर कुठला पत्ता.

पुण्यात आणखी एक अडचण आहे. इथे पोलिसांचे तीन घटक, म्हणजे स्वतंत्र हद्दी आणि नोंदी असलेली तीन कार्यालये, आहेत: पुणे शहर आयुक्तालय, ऑगस्ट २०१८ मध्ये वेगळे झालेले पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि पुणे ग्रामीण. वाकड, हिंजवडी, चाकण पिंपरी-चिंचवडकडे. दौंड, शिरूर, भोर ग्रामीणकडे. लोणीकंद आणि लोणी काळभोर ही ठाणी २०२१ मध्ये ग्रामीणमधून शहरात आली. तुमचा बसमदतनीस आज वडगाव बुद्रुकला राहतो, तीन वर्षांपूर्वी भोसरीत होता आणि गाव इंदापूर तालुक्यात आहे, असे सहज असू शकते. शहर आयुक्तालयाच्या एका प्रमाणपत्रावर समाधान मानू नका. गेल्या पाच वर्षांत सहा महिन्यांपेक्षा जास्त जिथे राहिला त्या सगळ्या पत्त्यांची यादी त्याच्या हस्ताक्षरात घ्या, आणि दुसरा घटक, दुसरा जिल्हा किंवा दुसरे राज्य आले तर तिथलेही प्रमाणपत्र मागा. परराज्यातल्या माणसाला गावी जाऊन यायला वेळ द्यावा लागतो, तो द्या. नेपाळी रखवालदार असेल तर नेपाळ पोलिसांचा चारित्र्य दाखला मागवता येतो. परदेशात शिकवून आलेल्या शिक्षकाकडून त्या देशाचा पोलीस दाखला घ्या. ब्रिटनमध्ये तर मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी वेगळे आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र मिळते.

बायकांच्या बाबतीत सर्रास होणारी चूक नावाची. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. मावशींचे वय पंचेचाळीस असेल आणि लग्न पस्तिसाव्या वर्षी झाले असेल, तर सासरच्या नावाने केलेल्या शोधात फक्त दहा वर्षे येतात. अर्जात आणि पत्रात माहेरचे पूर्ण नाव लिहाच.

पोलिसांकडे अर्ज गेल्यावर शाळेने स्वतः करायचे काम म्हणजे ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरचा शोध. महाराष्ट्र, जिल्हा पुणे, मग न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. नावाची निदान तीन अक्षरे आणि वर्ष भरावे लागते, प्रलंबित आणि निकाली हे पर्याय वेगळे आहेत. म्हणजे एका माणसासाठी प्रत्येक वर्ष स्वतंत्रपणे तपासायचे. शिवाजीनगरच्या न्यायालयापुरते थांबू नका, त्याचे जुने पत्ते ज्या न्यायालयांच्या हद्दीत येतात तीही पाहा. इंग्रजी स्पेलिंगने घात होतो: 'चौधरी' चार-पाच तऱ्हांनी लिहितात, 'वाघ'ला कोणी डब्ल्यू लावतो, कोणी व्ही. कधी आडनाव आधी, कधी शेवटी. उलट बाजूने, शिंदे, जाधव, पवार या आडनावांची नावे ढिगाने सापडतील. वडिलांचे नाव, वय आणि पत्ता जुळल्याशिवाय नुसत्या नावसाधर्म्यावर कोणावर संशय घेऊ नका. खटल्याचा क्रमांक घेऊन त्या माणसालाच विचारा. आणि संवेदनशील खटल्यांत नावे झाकलेली असतात, त्यामुळे हा शोध रिकामा आला तरी तो पोलीस पडताळणीची जागा घेत नाही.

आता मुख्य मुद्दा. पोलिसांचे प्रमाणपत्र इतकेच सांगते की त्या दिवशी, त्या घटकाच्या नोंदीत, त्या नावावर गुन्हा नाही. मुलांना त्रास देणाऱ्यांपैकी पुष्कळांवर कधीच गुन्हा नोंदला गेलेला नसतो. आधीच्या शाळेत तक्रार झालेली असते, व्यवस्थापनाने "शाळेची बदनामी नको" म्हणून राजीनामा घेतलेला असतो आणि अनुभव प्रमाणपत्रावर "वैयक्तिक कारणास्तव" असे लिहून माणूस मोकळा सोडलेला असतो. तो तुमच्याकडे अर्ज करतो तेव्हा त्याचा पोलीस दाखला खरोखरच कोरा असतो. ही फट पोलीस बुजवू शकत नाहीत. ती आधीच्या संस्थेशी नीट बोलूनच बुजते.

म्हणून शेवटच्या दोन शाळांना फोन करा. उमेदवाराने दिलेल्या मोबाइलवर नको. शाळेचा लँडलाइन क्रमांक स्वतः शोधा आणि मुख्याध्यापकांनाच मागा. "कसे होते?" असे मोघम विचारले की "चांगले होते" एवढेच ऐकू येते. नेमके विचारा. कधीपासून कधीपर्यंत होते? कोणत्या वयाची मुले त्यांच्याकडे होती? मुलांशी वागण्याबद्दल तोंडी किंवा लेखी तक्रार कधी आली होती का? मुलाला एकटे थांबवून ठेवणे, खासगी मेसेज, घरी बोलावणे, यावरून कधी समज द्यावी लागली होती का? आणि शेवटी: पुन्हा घ्याल का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला, "आमच्या ट्रस्टींशी बोला" म्हणाला किंवा "मी नवीनच आलेय" म्हणाला, तर थांबा आणि पुढे खणा. फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे पद आणि उत्तर त्याच दिवशी लिहून फायलीत लावा.

काही जण एक शाळाच बायोडेटातून गाळून टाकतात. त्यावर साधा उपाय आहे. उमेदवाराला भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या लॉगिनने जाऊन सेवेचा तपशील दाखवायला सांगा. यूएएन, म्हणजे पीएफच्या कायम खातेक्रमांकाखाली जिथे-जिथे पीएफ भरला गेला त्या संस्था तारखांसह दिसतात. बायोडेटात चार शाळा आणि तिथे पाच, असे असले तर पाचवीला आधी फोन करा. शिक्षकांच्या टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) प्रमाणपत्राचीही खात्री राज्य परीक्षा परिषदेकडूनच करा. २०२१ मध्ये पुणे सायबर पोलिसांनी टीईटीचा घोटाळा उघड केल्यानंतर नुसत्या झेरॉक्सवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

स्वयंघोषणापत्राला कमी लेखू नका, पण प्रश्न नेमके हवेत. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की माहिती दडवली असा ठपका ठेवायचा तर फॉर्ममधला प्रश्न स्पष्ट असला पाहिजे, मोघम प्रश्नावर माणसाला दोषी धरता येत नाही. तो खटला सरकारी नोकरीचा होता, पण खासगी शाळेनेही तीच शिस्त पाळलेली बरी. "काही गुन्हेगारी पार्श्वभूमी आहे का?" असे विचारू नका. वेगवेगळे विचारा: गुन्हा नोंदला गेला आहे का, अटक झाली आहे का, खटला प्रलंबित आहे का, शिक्षा झाली आहे का, निर्दोष सुटला असाल तर कोणत्या न्यायालयातून, आणि मुलांशी वागणुकीवरून कोणत्याही संस्थेने नोटीस, चौकशी किंवा निलंबन केले होते का. सुरुवातीलाच लिहा की वयाच्या अठरा वर्षांपूर्वीची माहिती देऊ नये. बालन्याय कायदा २०१५ नुसार बालवयातल्या गुन्ह्यामुळे सहसा पुढे अपात्रता चिकटत नाही आणि ते विचारणेही अयोग्य आहे.

कंत्राटदाराच्या माणसांबाबत कडक राहा. तिथे सर्वाधिक वेळा घडते ते असे: प्रमाणपत्र एकाचे, कामावर दुसरा. नेहमीचा मदतनीस गावी गेला की कंत्राटदार सकाळी सहा वाजता भाच्याला बसवर पाठवतो आणि पहिल्या स्टॉपवरची पालक मंडळी मूल हातात देऊन मोकळी होतात. करारातच लिहा की नावांच्या मान्य यादीबाहेरचा माणूस आला तर बस सुटणार नाही आणि त्या दिवसाचे पैसे कापले जातील. पण अट घालताना सोयही करावी लागते, नाहीतर ती पहिल्याच आठवड्यात मोडते. आठ मदतनीस असतील तर पडताळणी झालेले दोन जण राखीव ठेवायला लावा. ओळखपत्र कंत्राटदाराचे नको, फोटोसह शाळेचे हवे, आणि फाटकावर फोटोंची यादी लावलेली असावी म्हणजे रक्षकाला चेहरा ताडून पाहता येईल. स्कूलबससाठी राज्याचे २०११ चे नियम आहेत आणि त्यानुसार तुमची परिवहन समिती असायला हवी. ही यादी तिच्या बैठकीत मंजूर करून घ्या. पालकांनी परस्पर ठरवलेले व्हॅनकाका आणि रिक्षाकाका शाळेचे नोकर नाहीत हे खरे, तरी फाटकाशी मुले त्यांच्या हवाली तुम्हीच करता. त्यांचेही प्रमाणपत्र आणि परवाना तपासल्याशिवाय आवारात प्रवेश नको.

आणखी एक गट हमखास सुटतो: आवारातल्या खोलीत राहणारे शिपाईमामांचे कुटुंब. शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी आवारात असणारा प्रत्येक प्रौढ माणूस, मग तो मामांचा कॉलेजात जाणारा मुलगा का असेना, पडताळणीत यायला हवा. स्नेहसंमेलनाचे नृत्यदिग्दर्शक, उन्हाळी शिबिराचे प्रशिक्षक, बी.एड.चे छात्रशिक्षक हे महिनोन्‌महिने मुलांत असतात, त्यांचीही पूर्ण पडताळणी करा. प्लंबर, सीसीटीव्ही दुरुस्त करणारा, रंगारी यांची गरज नाही. त्यांच्यासोबत शाळेचा माणूस सतत असला की झाले.

अर्ज प्रलंबित असताना काय करायचे? मावशी, शिपाई, बसमदतनीस, वसतिगृहातले कर्मचारी, क्रीडाप्रशिक्षक यांना प्रमाणपत्राशिवाय रुजू करून घेऊ नका. या कामांत मूल आणि माणूस एकटे असण्याचे प्रसंग रोज येतात. वर्गशिक्षकाची जागा रिकामी ठेवणे शक्य नसेल तर स्वयंघोषणापत्र, न्यायालयीन शोध आणि दोन्ही फोन पूर्ण झाल्यावर, वर्गात दुसरी प्रौढ व्यक्ती ठेवून, जास्तीत जास्त तीस दिवस, असा लेखी आदेश काढा. नेमणूकपत्रात अट घाला की पडताळणी प्रतिकूल आली किंवा माहिती दडवल्याचे दिसले तर नेमणूक रद्द होईल. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्याखाली कायम झालेल्या माणसाला काढायला रीतसर चौकशी लागते, म्हणून हे सगळे आधी उरकण्यातच शहाणपण आहे.

केस निघाली तर आधी कागद मागवा: एफआयआर, आरोपपत्र, निकाल. मुलांवरचा कोणताही गुन्हा, लैंगिक गुन्हा, अमली पदार्थ, गंभीर हिंसा यात शिक्षा असेल तर प्रश्नच नाही, आणि खटला प्रलंबित असेल तरी मुलांशी संपर्क येणारे काम नाही. चालकावर दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद असेल तर त्याला बस देऊ नका. पण सोसायटीतल्या पार्किंगवरून झालेली अदखलपात्र नोंद, चेक न वटल्याचा खटला, मोर्चात भाग घेतल्याची केस यांवरून चांगल्या शिक्षिकेला नाकारणे अन्याय आहे. निर्दोष सुटका झालेली असेल तर निकाल वाचा. आरोप खोटा ठरून सुटणे वेगळे आणि साक्षीदार फितूर झाल्याने सुटणे वेगळे. अवतार सिंग खटल्याच्या निकालातही गंभीर गुन्ह्यांपुरता हा फरक मानला आहे. निर्णय एकट्याने घेऊ नका. मुख्याध्यापक, विश्वस्त आणि वकील अशा तिघांनी मिळून कारणांसह लिहून ठेवा, आणि त्या माणसाचे म्हणणे आधी ऐका.

तुमच्याच शाळेत तक्रार आली तर कोणाचाही गुपचूप राजीनामा घेऊन त्याला पुढच्या शाळेकडे ढकलू नका. पॉक्सोच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचे समजले किंवा तशी शंका आली की स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. आधी अंतर्गत चौकशी करून खात्री करून घेऊ आणि मग पाहू, अशी मुभा कायदा देत नाही. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

कागद जपण्याबद्दल थोडक्यात: प्रत्येकाची वेगळी फाइल मुख्याध्यापकांच्या कुलुपात ठेवा, आधार घ्यायचा तर अंक झाकलेला, माहिती तपासण्यासाठी उमेदवाराची लेखी संमती घ्या, आणि कोणाचीही प्रमाणपत्रे स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका.

साठ जणांचे काम एकदम होणार नाही, म्हणून क्रम लावा. या आठवड्यात बस, स्वच्छतागृह आणि पूर्वप्राथमिक विभागातली माणसे, त्यानंतर सुरक्षारक्षक आणि प्रशिक्षक, मग शिक्षक, शेवटी कार्यालयातले. नव्या नेमणुकांचे अर्ज एप्रिलमध्येच भरून घ्या. जून-जुलैमध्ये पालखीचा बंदोबस्त, पुढे गणपती, त्या दिवसांत ठाण्यांकडून लवकर कागद मिळण्याची अपेक्षा धरू नये. एरवीही महिनाभर हाताशी ठेवा. अर्जाचे शुल्क आणि ठाण्यात जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा शाळेने द्यावी. मावशींना रोजंदारी बुडवून चकरा माराव्या लागल्या की अर्ज मध्येच सोडून दिला जातो, आणि फायलीत फक्त पावती उरते.